घरातला करंट आणि आकाशातली वीज : जुन्या घरांतील अर्थिंग, शॉक आणि प्रथमोपचार

कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात, नळ सोडताना बोटाला चटका बसतो, पावसाळ्यात ओल्या भिंतीला करंट उतरतो. जुन्या घरांत या तक्रारी इतक्या नेहमीच्या असतात की घरातली माणसे त्यांना सरावतात. ‘चप्पल घालून कूलर लाव’, ‘त्या बटणाला ओला हात लावू नको’ असे घरचे नियम तयार होतात आणि मूळ दोष तसाच राहतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ही झिणझिणी म्हणजे घराच्या आजाराचे लक्षण आहे. आज कोरड्या हाताला जे नुसते गुदगुल्यांसारखे वाटते, तेच उद्या ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने जिवावर बेतू शकते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या आकडेवारीनुसार भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक आणि आकाशातील वीज पडून अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात. मराठवाड्याला या दोन्ही धोक्यांची चांगलीच ओळख आहे. त्यांपैकी बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. छत्रपती संभाजीनगर आणि परिसरातील जुन्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- कोणत्याही उपकरणाला, नळाला किंवा भिंतीला करंट जाणवला तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.
- शॉक बसलेल्या व्यक्तीला वीज बंद केल्याशिवाय हात लावू नका.
- अंगावर वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात करंट उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो आणि लावलाच पाहिजे.
- श्वास थांबला असेल तर तिथेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा.
- एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चालू स्थितीतले अर्थिंग, दोन्ही लागतात.

शॉक बसतो तेव्हा शरीरात काय होते?

आपल्या घरात २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची एसी वीज येते. शरीराला होणारी इजा तीन गोष्टींवर ठरते : शरीरातून किती करंट गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या मार्गाने गेला. हा करंट मिलिअँपिअरमध्ये मोजतात. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाला त्याहून फार कमी करंट पुरतो.

- सुमारे १ मिलिअँपिअर : झिणझिण्या जाणवतात.
- सुमारे १० मिलिअँपिअर : हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सुटत नाही.
- सुमारे ३० मिलिअँपिअर : छातीचे स्नायू आखडून श्वास घेणे अवघड होते.
- ५० ते १०० मिलिअँपिअर आणि त्यापुढे : हृदयाची लय बिघडते. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि मेंदूला रक्त मिळत नाही.

‘करंटने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो, त्यामागे हेच कारण असते. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. त्यामुळे करंट लागलेला हात तीच वस्तू आणखी घट्ट पकडतो. माणूस शुद्धीवर असतो, सुटण्याची धडपड करतो, पण हात ऐकत नाही. करंट शरीरातून जाण्याचा वेळ वाढत जातो आणि इजाही वाढते.

कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. कातडी ओली झाली की हा अडथळा फार कमी होतो. ओल्या शरीराचा एकूण अडथळा साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. म्हणून आंघोळ, कपडे धुणे, कूलरमध्ये पाणी भरणे आणि पाण्याची मोटार लावणे या वेळी बसलेला शॉक सर्वांत घातक ठरतो. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून किंवा पायातून बाहेर पडणारा करंट छातीतून जातो. दोन बोटांमध्ये बसलेल्या शॉकपेक्षा त्याचा धोका कितीतरी अधिक असतो.

अर्थिंग म्हणजे काय आणि ते जुन्या घरात कुठे हरवते?

घराच्या वायरिंगमध्ये तीन तारा हव्यात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते आणि तिसरी तार उपकरणाचे लोखंडी कवच जमिनीशी जोडते. ही तिसरी तार म्हणजे अर्थिंग. उपकरणाच्या आतली फेजची तार घासून कवचाला टेकली, तर करंटला जमिनीकडे जाण्यासाठी ही सोपी वाट मिळते. ती वाट नसेल तर कवच ‘जिवंत’ होऊन बसते आणि त्याला हात लावणारा माणूसच करंटची वाट बनतो. प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते ती यासाठीच. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते.

शहागंज, गुलमंडी, बेगमपुरा, पानदरीबा या जुन्या भागांतील वाडे असोत किंवा पुढे उभ्या राहिलेल्या सिडकोच्या वसाहती, ज्या काळात ही घरे बांधली त्या काळात घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ असायचा. आज त्याच तारांवर फ्रीज, गिझर, कूलर, वॉशिंग मशिन, मोटार आणि कधी एसीसुद्धा चालतो. अशा घरांत पुढील दोष वारंवार आढळतात.

तिसरी तारच नसणे. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये अनेकदा दोनच तारा असतात. नंतर तीन पिनांचा सॉकेट बसवला जातो, पण त्याच्या वरच्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसते. बाहेरून सॉकेट नवा दिसतो आणि घरच्यांना सुरक्षित असल्याचा भास होतो.

नळाच्या पाइपला जोडलेले अर्थिंग. पूर्वी पाण्याचे पाइप लोखंडी असत आणि जमिनीत खोल जात. वायरमन अर्थिंगची तार त्यांनाच जोडत. पुढे दुरुस्तीत मधला पाइप प्लास्टिकचा झाला की जमिनीशी असलेला संबंध तुटतो. आता एखाद्या उपकरणात दोष आला, तर करंट जमिनीत न जाता घरातल्या उरलेल्या लोखंडी पाइपात आणि नळात येतो. कूलर खराब आणि चटका मात्र न्हाणीघरातल्या नळाला, असे कोडे अनेक घरांत पडते. त्याचे उत्तर इथे असते.

न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणे. अर्थिंग नसल्यावर काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत तारेचा एक तुकडा टाकतात. हा जुगाड फार धोक्याचा आहे. न्यूट्रल कुठेही तुटली, की उपकरण चालू असताना त्याच्या पूर्ण कवचात २३० व्होल्ट उतरतात.

सैल आणि गंजलेली जोडणी. अर्थिंगचा खड्डा घर बांधताना केलेला असतो. त्यानंतर अंगणात फरशी बसते, खड्डा झाकला जातो आणि तो नेमका कुठे आहे हेही कोणाला आठवत नाही. तार गंजून तुटली तरी घरातली वीज चालूच राहते, त्यामुळे दोष कळत नाही.

उन्हाळ्यात धोका का वाढतो?

अर्थिंग काम करते ते जमिनीतल्या ओलाव्यामुळे. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सुकून तिला भेगा पडतात. अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा पाषाण लागतो. तो वीज सहजासहजी वाहून नेत नाही. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा घराघरांत लोखंडी कूलर पाण्याने भरून चालू असतात, नेमक्या तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळे झालेले असते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि पाइपातून अधूनमधून पाणी टाकायला सांगतात, त्याचे कारण हेच आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावे.

शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. ते आले की घाईघाईत मोटार लावली जाते. पायाखाली पाणी, हातात ओला पाइप, जवळच मोटारीचे लोखंडी कवच आणि कुठूनतरी ओढलेली जोड-तार, अशी ती परिस्थिती असते. मोटारीसाठी तीन तारांची अखंड केबल आणि कोरड्या जागी, उंचावर बसवलेला स्विच असणे गरजेचे आहे. मोटार हलवायची असेल तर आधी प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते.

कूलरमध्ये पाणी भरताना, त्याची गवताची जाळी बदलताना किंवा पंप साफ करताना हाच नियम पाळा : आधी प्लग बाहेर, मग हात आत. पाणी तापवण्याची कांडी बादलीत असताना पाणी तापले का ते बोट बुडवून पाहू नका.

पत्र्याचे शेड आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार हीसुद्धा धोक्याची ठिकाणे आहेत. विजेची सोललेली तार पत्र्याला टेकली आणि कपड्यांची तार त्याच पत्र्याला बांधलेली असली, की ओले कपडे टाकणाऱ्याला शॉक बसतो. त्याला सोडवायला धावलेला माणूसही त्याच तारेला सापडतो. एकाच घरातल्या दोघा-तिघांचा मृत्यू अशा प्रकारे होतो. लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी किंवा जुना फ्यूज तारांना जास्त भारापासून आणि शॉर्टसर्किटच्या आगीपासून वाचवतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही. एक हिशेब पाहा. समजा, अर्थिंग कोरडे पडून त्याचा अडथळा २० ओहम झाला आहे आणि कूलरच्या कवचाला फेज टेकली आहे. अशा वेळी जमिनीत साधारण साडेअकरा अँपिअर करंट जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडत नाही. कूलर चालू राहतो आणि कवचात करंटही राहतो.

आरसीसीबी वेगळ्या तत्त्वावर चालतो. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत जुळवून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेने जमिनीत जात असेल, तर तो क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंग चांगले असेल तर दोष निर्माण होताच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच तो पडतो. अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर पडतो, म्हणजे शॉक बसतो पण बहुतेक वेळा जीव वाचतो. म्हणून दोन्ही हवेत.

आरसीसीबीवर एक ‘टेस्ट’ बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर आरसीसीबी बदला. आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडू लागला, तर घरात कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल-अर्थ एकत्र जोडलेले आहेत. अशा वेळी ‘हा फार त्रास देतो, काढून टाकू’ असा सल्ला मिळू शकतो. तो मानू नका, दोष शोधायला सांगा. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी हातात आल्या, तर आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि तो वाचवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

शॉक बसल्यास काय करावे?

१. आधी वीज तोडा. मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा.

२. मेन स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडी फळीवर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून, कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारा. ओल्या काठीला, लोखंडी नळीला किंवा नुसत्या हाताला यात जागा नाही. रस्त्यावर तुटून पडलेल्या किंवा खांबावरच्या उच्चदाबाच्या तारेच्या बाबतीत काठीनेसुद्धा प्रयत्न करू नका. किमान १० मीटर दूर राहा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा.

३. श्वास पाहा. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद येतो का पाहा. व्यक्ती बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि ताबडतोब छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. दाब छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल असावा. शिकलेले असाल तर दर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

४. शुद्धीवर असेल तर आडवे करा. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी १५ ते २० मिनिटे धरा, मग स्वच्छ कोरड्या कापडाने झाका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप लावू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा.

५. उंचावरून पडले असतील तर मान व पाठ हलवू नका. जोरात आखडलेल्या स्नायूंमुळे न पडताही खांदा निखळू शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

क्षणभर चटका बसला, लगेच हात सुटला, दुसरा काहीही त्रास नाही, अशा निरोगी प्रौढ व्यक्तीला सहसा गंभीर धोका नसतो. पुढीलपैकी काहीही असेल तर मात्र त्याच दिवशी, शक्यतो लगेच रुग्णालयात जा.

- थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपली
- छातीत दुखणे, धडधड, दम लागणे
- हात चिकटून राहिला होता किंवा शॉक ओल्या अंगाने बसला
- करंट एका हातातून दुसऱ्या हातात किंवा हातातून पायात गेला असावा
- कातडी भाजली आहे, जखम लहान दिसत असली तरी
- हातपाय बधिर, अशक्त किंवा सुजलेले
- लघवी गडद, चहा किंवा कोलासारख्या रंगाची
- रुग्ण गर्भवती आहे, लहान मूल आहे, हृदयरोगी आहे किंवा पेसमेकर बसवलेला आहे
- उच्चदाबाच्या तारेचा शॉक

विजेच्या जखमेत बाहेरचा डाग छोटा आणि आतली इजा मोठी असू शकते. उच्चदाबाचा करंट स्नायू आतून जाळतो. मेलेल्या स्नायूंमधला रंगद्रव्याचा भाग रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो आणि मूत्रपिंड बंद पडू शकते. लघवीचा गडद रंग ही त्याची खूण आहे. वेळेत शिरेतून भरपूर द्रव दिल्यास मूत्रपिंड वाचते. हातापायातील सूज वाढून रक्तपुरवठा तुटत असेल, तर शस्त्रक्रिया करून दाब मोकळा करावा लागतो. असे रुग्ण लहान दवाखान्यात थांबवू नयेत. शहरात घाटी रुग्णालयासारख्या, सर्व विभाग असलेल्या ठिकाणी न्यावेत.

रुग्णालयात ईसीजी काढतात, गरजेप्रमाणे रक्त-लघवी तपासतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देतात. घरगुती दाबाचा शॉक असून ईसीजी सामान्य असेल व काही त्रास नसेल, तर बहुतेक रुग्णांना घरी पाठवता येते. गर्भवती स्त्रीला स्वतःला बरे वाटत असले तरी बाळाची तपासणी आवश्यक असते.

लहान मुलांनी चार्जरची तार चावल्यास ओठाचा कोपरा भाजतो. ही जखम सुरुवातीला किरकोळ वाटते. खपली पडताना, साधारण ५ ते १४ दिवसांनी, तिथल्या रक्तवाहिनीतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. असे झाल्यास ओठ दोन बोटांत आतून-बाहेरून दाबून धरा आणि रुग्णालय गाठा.

आकाशातील वीज : घरातला करंट आणि ही वीज यांत फरक काय?

महाराष्ट्रात विजांचा धोका मुख्यतः मॉन्सूनपूर्व काळात, म्हणजे एप्रिल ते जून, आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो. दुपारनंतर आणि संध्याकाळी तो अधिक असतो. नेमकी हीच शेतीची घाईची वेळ असते : पेरणीपूर्व मशागत, पेरणी आणि पुढे सोयाबीनची काढणी.

वीज थेट डोक्यावर पडण्याचे प्रमाण कमी असते. जवळच्या झाडावर पडून बाजूला उडालेली वीज आणि जमिनीतून पसरलेला करंट यांनी अधिक लोक जखमी होतात. जमिनीतला करंट एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब असल्याने झाडाखाली बांधलेली बैलजोडी किंवा गाय एकाच वेळी दगावते, त्याचे कारण हेच.

घरातला करंट हृदय थरथरत ठेवतो. आकाशातली वीज क्षणाच्या लहानशा भागात येऊन जाते आणि हृदय व श्वसनकेंद्र दोन्ही एकदम थांबवते. अनेकदा हृदय आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास सुरू होत नाही. प्राणवायू न मिळाल्याने काही मिनिटांत हृदय दुसऱ्यांदा थांबते. या मधल्या वेळात तोंडाने श्वास दिले तर माणूस वाचू शकतो.

म्हणून शेतात एकाच वेळी अनेकांना वीज लागली असेल, तर नेहमीचा क्रम उलटा करा. जे कण्हत आहेत, बोलत आहेत, ते बहुधा वाचणार असतात. जो निपचित पडला आहे, मेल्यासारखा दिसतो, त्याच्याकडे आधी धावा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, हातपाय गार आणि निळसर पडले, तरी त्यावरून मृत्यू ठरवू नका. वीज लागल्यावर काही तास हातपाय लुळे आणि गार पडून नंतर पूर्ववत होऊ शकतात.

कातडीवर फर्नच्या पानासारखी लालसर नक्षी उमटू शकते. ती भाजल्याची जखम नसते आणि एक-दोन दिवसांत मावळते. कानाचा पडदा फाटणे बरेच आढळते. मोतीबिंदू काही महिन्यांनी होऊ शकतो, म्हणून कान आणि डोळे दोन्ही तपासून घ्या. विसरभोळेपणा, झोप न लागणे, चिडचिड, गडगडाटाची धास्ती, हातापायात मुंग्या हे त्रास महिनोन्‌महिने राहू शकतात. घरच्यांनी याला ‘नाटक’ समजू नये. हा इजेचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत.

जुन्या घराला विजेपासून संरक्षण कसे मिळेल?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

- घराचे अर्थिंग उपकरणातील दोषापासून माणसाला वाचवते. ते छतावर पडणारी वीज अडवत नाही.
- वीज अटकाव यंत्रणा म्हणजे छतावरचा धातूचा दांडा, त्यापासून जमिनीपर्यंत शक्य तितकी सरळ उतरणारी जाड पट्टी आणि खाली स्वतंत्र खड्डा. ती विजेला भिंतीतून न जाऊ देता बाहेरच्या बाहेर जमिनीत नेते. पट्टी मध्ये तुटलेली असेल तर नुसता दांडा उपयोगाचा नाही. तिचा खड्डा आणि घराचे अर्थिंग जमिनीत एकमेकांशी जोडलेले असावेत, नाहीतर वीज एकातून दुसऱ्यात उडी मारते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.
- सर्ज प्रोटेक्शन उपकरण तारांमधून येणारा विजेचा लोट जमिनीकडे वळवते. टीव्ही, फ्रीज, राउटर यांच्यासाठी ते असते आणि अर्थिंग चांगले असेल तरच काम करते.

एमसीबी, आरसीसीबी किंवा बंद केलेले बटण आकाशातली वीज अडवू शकत नाही. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग आणि डिशची तार काढून ठेवा. एकदा विजा चमकू लागल्या की प्लग काढायलाही जाऊ नका.

विजा चमकत असताना पक्क्या घरात, बंद दारा-खिडक्यांच्या आत राहा. लोखंडी गज, कठडे, नळ यांपासून दूर बसा. आंघोळ, भांडी, कपडे लांबणीवर टाका. गच्चीवर झोपला असाल तर पहिल्या गडगडाटालाच खाली या. ओटा, पडवी, उघडे पत्र्याचे शेड किंवा शेतातली झोपडी ही सुरक्षित जागा नव्हे. बंद काचांची मोटारगाडी सुरक्षित असते, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ३० सेकंदांपेक्षा कमी असतील तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत ॲप तुमच्या परिसरातील विजांची सूचना देते. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असावे.

काही गैरसमज

*पायाळू माणसावर वीज पडते.* जन्माच्या वेळी पाय आधी बाहेर येणे आणि वीज पडणे यांचा काहीही संबंध नाही. या समजापायी मुलांच्या मनात आयुष्यभराची भीती बसते.

*वीज पडलेल्याला मातीत किंवा शेणात पुरून ठेवले की करंट उतरतो.* शरीरात करंट साठून राहत नाही. पुरण्यात गेलेला वेळ म्हणजे छातीवर दाब द्यायचा गमावलेला वेळ.

*मोबाइलमुळे वीज अंगावर येते.* मोबाइल वीज ओढत नाही. मात्र चार्जिंगला लावलेला मोबाइल किंवा तारेचा फोन गडगडाटात वापरू नये.

*टेस्टर लागत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे.* टेस्टर फेज दाखवतो. अर्थिंग चांगले आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

या आठवड्यात घरात काय तपासाल?

१. आरसीसीबी आहे का? असेल तर टेस्ट बटण दाबून पाहा.
२. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? सापडत नसेल तर तो नाही असे समजून नवा करून घ्या.
३. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने अर्थिंगचा अडथळा मोजून घ्या. मोजणी उन्हाळ्यात केली तर खरी स्थिती कळते.
४. प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तार खरोखर जोडलेली आहे का आणि न्यूट्रल-अर्थ एकत्र तर नाहीत ना, हे विचारा.
५. कूलर, फ्रीज, गिझर, मोटार आणि वॉशिंग मशिन यांचे प्लग तीन पिनांचेच ठेवा. तिसरी पिन तोडू नका.
६. मुलांच्या हाताला येणारे सॉकेट झाकणाचे बसवा.
७. घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांनाही, मेन स्विच कुठे आहे ते दाखवा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर ही यादी घरमालकांना दाखवा. एका लहान घरासाठी आरसीसीबी आणि अर्थिंग यांचा खर्च अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो.

वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाची मदत मिळते. त्यासाठी तलाठी किंवा तहसील कार्यालयाला लगेच कळवावे लागते आणि पंचनामा व शवविच्छेदन आवश्यक असते. दुःखाच्या वेळी हे राहून जाते आणि नंतर कुटुंबाची अडचण होते, म्हणून जवळच्या कोणीतरी ही जबाबदारी घ्यावी.

*ही माहिती सर्वसाधारण जाणिवेसाठी आहे. ती प्रत्यक्ष तपासणीची किंवा तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. आणीबाणीत १०८ ला फोन करा.*